समुद्राआधी अडणारी मोटर

पाचव्यांदा मोटर अडली, तेव्हा बाईला रागसुद्धा आला नाही. राग यायलाही अंगात थोडा जीव लागतो. तिने लाल दिव्याकडे पाहिले, पडद्यावरची ओळ वाचली – ‘आडवी मोटर : पावले चुकली’ – आणि स्टुलावर बसून चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

घरात माणसे दोनच. ती आणि तिचे वडील. ती पहिलीच्या वर्गाला शिकवायची, म्हणून गल्लीत सगळे तिला बाई म्हणत, आणि वडीलही चेष्टेने तेच म्हणत. वडिलांना सगळे मिस्त्री म्हणायचे. चाळीस वर्षे त्यांनी लोखंड ओतण्याच्या कारखान्यात लाकडी नमुने केले होते. लोखंडी चाक हवे असेल तर आधी लाकडाचे चाक करायचे, ते वाळूत दाबून उचलून घ्यायचे, आणि वाळूत उरलेल्या पोकळीत वितळलेले लोखंड ओतायचे. त्या लाकडी चाकाची घडण मिस्त्रींची. पण गेल्या वर्षीच्या आजारपणाने त्यांच्या उजव्या हाताला थरथर लावून दिली, आणि पटाशी सुटली ती सुटलीच.

मागच्या खोलीतले यंत्र बाईने सुटे भाग आणून स्वतः जोडले होते. संगणकात चित्र घालायचे, पाटावर फळी आवळायची. वरची तुळई लोखंडी पट्ट्यांवरून पुढेमागे सरकते आणि तिला लटकलेले फिरते पाते लाकडात ते चित्र कोरते. आत्तापर्यंत तिने त्यावर वर्गासाठी अक्षरांचे ठोकळे केले होते. आता करायची होती नदी. जवळजवळ मीटरभर लांब फळी; डावीकडे डोंगरातला झरा, मग ओढा, मग वळणे घेत रुंद होत गेलेले पात्र, आणि उजव्या टोकाला समुद्र. मुलांनी झऱ्यावर बोट ठेवायचे आणि खोबणीतून समुद्रापर्यंत जायचे. शाळा सोमवारी उघडणार होती. मुख्याध्यापिकांनी प्रेमानेच सांगितले होते, “नाही जमलं तर जीव काढू नका हो. छापील फ्लेक्स लावू.”

फ्लेक्स लावला असता तरी मुलांचे काही अडले नसते. अडले असते ते मिस्त्रींचे. नदीचे चित्र त्यांनी काढले होते. उजवे मनगट डाव्या हातात धरून, महिनाभर, रोज वीतभर. आजारपणानंतर त्यांनी हात लावलेले ते पहिलेच काम. त्याआधी वर्षभर ते पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायचे आणि विचारले तर म्हणायचे, “बघतोय की रस्ता.” रस्त्यावर बघण्यासारखे काहीही नव्हते.

आणि यंत्र दर वेळी समुद्राआधी अडत होते.

“थांबली?” मिस्त्री दारात येऊन उभे राहिले.

“थांबली.”

“कुठं?”

“तिथंच. किनाऱ्याशी.”

त्यांनी मान हलवली. “माझ्या चित्रातच खोट असणार. किनारा फार वेडावाकडा झालाय. हात थरथरला की रेघ थरथरते, आणि रेघ थरथरली की तुझी मोटर घाबरते.”

“मोटरला रेघेतलं काही कळत नाही हो, बाबा.”

“तुला काय माहीत तिला काय कळतं! चार दिवस झाले, तिनं तुला तरी काही सांगितलंय का?” ते हसले, पण हसू ओठांवरच राहिले. “लावा तो फ्लेक्स. त्याला मोटरही लागत नाही आणि मिस्त्रीही.”

ते गेले. थोड्या वेळाने पुढच्या खोलीत खुर्ची करकरली. तो आवाज बाईच्या चांगला ओळखीचा होता. तिला वाटले, वर्षभर ऐकलेला हा आवाज आता बंद झाला म्हणून आपण निर्धास्त झालो होतो. तो कुठे गेलाच नव्हता.

तिने वही उघडली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलली की लिहायची, ही मिस्त्रींचीच शिकवण. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तर कशाने सुरू झाले ते कळत नाही, आणि पुन्हा बंद पडले की पहिले पाढे.

बिघाड कळायला सोपा होता. कारण मात्र सापडत नव्हते. अशी मोटर सलग फिरत नाही, बारीक बारीक पावले टाकते. संगणक सांगतो, इतकी पावले टाक. मोटरच्या पाठीला एक छोटा डोळा असतो, तो टाकलेली पावले मोजतो. सांगितलेली आणि टाकलेली जुळली नाहीत की लाल दिवा. म्हणजे कोणीतरी मोटरला अडवत होते, किंवा तिच्यातच ताकद उरली नव्हती.

पहिल्या दिवशी चांगली फळी वाया गेली. तेव्हापासून ती रद्दी प्लायवूडवर चालवून बघत होती, कारण चांगली फळी आता एकच उरली होती. दुसऱ्या दिवशी तिने पट्ट्या पुसून तेल दिले. अडली. तिसऱ्या दिवशी आडव्या आणि उभ्या मोटरची अदलाबदल केली. बाकावर दोन मुले बसलेली असतात, गोंगाट कोणाचा ते कळत नाही, तेव्हा एकाला उठवून दुसरीकडे बसवायचे. गोंगाट त्याच्याबरोबर गेला तर तो त्याचा. इथे मोटर गेली, गोंगाट जागच्या जागी. आडवीकडे नवी आलेली मोटरही किनाऱ्याशीच अडली. मग वायरी बदलल्या. तरी तेच.

भाग विकणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, “मॅडम, किती वेळ चालल्यावर अडते?”

“तीन तास. यंत्र डावीकडून पट्ट्यापट्ट्यानं कोरत जातं, समुद्राशी पोचायला तीन तास लागतात. समुद्र कोरायला ते आधी पलीकडच्या टोकाला जातं, तेव्हा.”

“मग झालं तर! तापते ती. तीन तास तुम्ही उभ्या राहिलात तर तुम्हीसुद्धा अडाल.”

“मी सात तास उभी असते. पहिलीचा वर्ग आहे माझा.”

“पंखा लावा, मॅडम,” तो जरा नरमून म्हणाला.

ते तिला पटले होते. काम न करता तुळई नुसती चालवून बघितली, तर ती नव्वद सेंटीमीटरपर्यंत लोण्यातून जावी तशी जायची. तेव्हा दोष जागेचा नाही, वेळेचा. आणि टोकाला जागा कमी पडते म्हणावे, तर वहीत तिचाच हिशेब होता : कोरीवकाम साडेनव्याण्णव सेंटीमीटरवर संपते, तुळई अडवणारा रबरी ठोकळा साडेशंभरावर; मध्ये सेंटीमीटरभर मोकळे. म्हणून आज सकाळपासून टेबलफॅन मोटरच्या तोंडावर लावून तीन तास ती भुशाच्या धुरळ्यात शिंकत बसली होती. मोटरला हात लावला तर ती गार होती. आणि गार असूनही अडली होती.

तिने लिहिले, ‘पंखा. नाही.’ पुढे लिहायला काही सुचेना.

काहीच सुचत नाही, तेव्हा हातांना काम द्यावे, म्हणून तिने साफसफाई काढली. तुळई सरकते त्या पट्टीच्या उजव्या टोकाला भुसा जाऊ नये म्हणून भात्यासारखे घड्या पडणारे कापडी आवरण होते. ते यंत्र जोडल्यापासून काढले नव्हते. चार स्क्रू काढून तिने ते उचलले, आत ब्रश घातला, आणि हात तसाच थांबला.

तुळई रबरी ठोकळ्याला चिकटून उभी होती. अगदी गालाला गाल. तिने वहीचे पान फाडून मधून सारून बघितले, कागद जाईना. पांढऱ्या ॲल्युमिनियमवर रबराचे काळे डाग होते. एकावर एक.

पडद्यावर आकडा होता साडेनव्याण्णव. तिने टेप लावला. टेप म्हणाला साडेशंभर.

म्हणजे यंत्राला वाटत होते त्यापेक्षा ते जास्त चालत होते. एक मिलिमीटर सरकायला मोटरने किती पावले टाकायची, हा आकडा संगणकात असतो. यंत्र जोडले त्या दिवशी तिने तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता : ऐंशी. तिने संगणकात पाहिले. ऐंशी पूर्णांक आठ दशांश.

तिने डोळे चोळून पुन्हा पाहिले. ते आठ तिने कधीच लिहिले नव्हते.

आता तिला ठोकळे आठवले. तीन आठवड्यांपूर्वीचे अक्षरांचे साठ ठोकळे खोक्यात बसेनात, मिलिमीटरभर मोठे भरत होते. लाकडाने दमट हवा धरली असेल म्हणत तिने दोन रविवार एकेक ठोकळा हाताने घासला होता. लाकडाने काहीही धरले नव्हते.

घरात माणसे दोनच. आणि संगणकात एक पान असते : तुळईला सांगितलेले अंतर आणि हाताने मोजलेले अंतर भरले की तो आकडा दुरुस्त होतो. ते पान उघडायला मिस्त्रींना तिनेच शिकवले होते, यंत्र नवे होते तेव्हा, त्यांचे मन रमावे म्हणून.

यंत्राशेजारी खिळ्याला मिस्त्रींची पोलादी पट्टी टांगलेली होती. साठ सेंटीमीटरची, अंगठ्याने झिजून आरशासारखी झालेली. कारखान्यातून निवृत्त होताना त्यांनी एवढी एकच वस्तू आणली होती. बाईने ती खाली घेतली, टेप शेजारी ताणला, दोन्हीचे शून्य जुळवले. दहावर काही कळले नाही. वीसवर रेघा सरकायला लागल्या. पट्टीवरचे पन्नास टेपवर पन्नासच्या पुढे चांगले पाच मिलिमीटर गेले होते.

ती सहा-सात वर्षांची असताना मिस्त्रींनी तिला सांगितले होते. लोखंड तापलेले असते तेव्हा हातपाय पसरून झोपते. गार झाले की अंग आखडून घेते. म्हणून लाकडी नमुना शंभराला एक या मापाने मोठाच करायचा, म्हणजे गार झालेले लोखंड बरोबर भरते. आणि दर मापाला हिशेब नको म्हणून कारखान्यात पट्टीच तशी असते, अंगानेच लांब. तिथे साधी पट्टी चालत नसे. कोणी घरून आणली तर त्याला ती बाहेर ठेवून यावी लागे. चाळीस वर्षे मिस्त्रींसाठी मिलिमीटर म्हणजे तोच मिलिमीटर. पट्टीवर ‘शंभराला एक’ असे कोरलेले असायचे. ते त्यांच्याच अंगठ्याने कधीच पुसले होते.

बाई परत स्टुलावर बसली. दोष सापडल्यावर हलके वाटते म्हणतात. तिला जड वाटले. ‘माझ्या चित्रातच खोट असणार,’ असे म्हणून जो माणूस खुर्चीत जाऊन बसला होता, त्याला आता काय सांगायचे? चित्रात नाही बाबा, पण तुमच्याच हातून झालेय?

तिने पूर्णांकापुढचा आठ खोडला. ऐंशी. एक बटण दाबले की झाले. कोणाला कळायचे कारण नव्हते. मिस्त्रींनी स्वतः आयुष्यभर हेच केले होते; नवख्या कामगाराचे माप चुकले की साहेबाने बघायच्या आत गुपचूप सरळ करून ठेवायचे.

पण मग पट्टी लपवावी लागली असती. नाहीतर ते परत मोजणार, परत कमी भरणार, परत दुरुस्त करणार. पट्टी लपवली तर ते टेप मागणार नाहीत, पट्टी शोधतील. मग संगणकाला कुलूप. आणि या खोलीत संगणकाला कुलूप लावले की ते बाबांनाच लावल्यासारखे.

तिने बटण दाबले नाही, आठ परत लिहिला. टेप आणि पट्टी घेऊन ती पुढच्या खोलीत गेली.

मिस्त्री रस्त्याकडे बघत होते. तिने पुढ्यातल्या टीपॉयवर दोन्ही शेजारी ठेवले, शून्य जुळवून दिले, आणि म्हणाली, “बाबा, हे जरा बघा.”

“काय बघू?”

“नुसतं बघा.”

त्यांनी चष्मा चढवला. वाकले. नखाने एकेक रेघ पुढे जात पन्नासाशी पोचले. नख तिथेच थांबले. हात थरथरत होता, पण तो रोजच थरथरायचा, त्यावरून काही कळत नव्हते.



“किती टाकून ठेवलंय मी तिथं?” त्यांनी विचारले.

“ऐंशी पूर्णांक आठ.”

“आणि होते ऐंशी.” त्यांना हिशेबाला कागद लागला नाही. “शंभराला एक. म्हणजे मीटरला सेंटीमीटर. म्हणजे तुझा समुद्र ठोकळ्याच्या पलीकडं गेला.”

“हो.”

“आणि चार दिवस तू मोटरींच्या पोटात हात घालत बसलीस.”

ती टीपॉयच्या कडेला बसली.

“मला कमी भरत होतं गं,” ते म्हणाले. “पाचशे चालव म्हटलं तर चारशे पंच्याण्णवच भरायचं. तू शाळेत होतीस. म्हटलं, पोरगी दमून येते, तिला कशाला दाखवून द्यायचं, तिचं माप चुकलंय म्हणून. नीट करून ठेवलं. हातात पट्टी कुठली आहे हे काही बघितलं नाही. ती बघायची असते होय? ती हातातच असते.”

“मला सांगायचं ना.”

“तू विचारायचं ना! वायरीला विचारलंस, पंख्याला विचारलंस, त्या फोनवरच्याला विचारलंस.”

“मला वाटलंच नाही की तुम्ही...” ती थांबली.

“की मी काय?”

तिला खोटे बोलायचा कंटाळा आला होता. “की तुम्ही हात लावला असेल.”

मिस्त्रींनी चष्मा काढला आणि तिच्याकडे नीट पाहिले. “म्हणजे संशय घ्यायच्याही लायकीचा राहिलो नव्हतो होय मी?”

ते चिडून बोलले की हसून, ते तिला कळले नाही. बहुधा त्यांनाही कळले नसावे. पण खुर्चीच्या हातांवर भार देऊन ते उठले, आणि म्हणाले, “चल. पेन्सिल कुठाय?”

पेन्सिल कशाला, हे तिला विचारावे लागले नाही. मागच्या खोलीत हत्यारांचे कपाट होते, आणि त्याच्या दाराची आतली बाजू पेन्सिलीच्या ओळींनी भरलेली होती. ही कारखान्यातली पद्धत. ज्याची चूक त्याने आपल्या हाताने दारावर लिहायची. नाव घालायचे नाही, आणि एकदा लिहिली की तिच्यावरून परत कोणी बोलायचे नाही. घरीही तेच चालायचे. अगदी खाली, दहा वर्षांच्या पोरीच्या गिचमिड अक्षरात, ‘स्टुलाचा एक पाय उलटा चिकटवला’ असे होते. त्यावर मिस्त्रींच्या मोत्यासारख्या अक्षरात, ‘बिजागरी आतून बसवली, कपाट उघडेना’. गेल्या वर्षभरात दारावर एकही ओळ वाढली नव्हती. काही केलेच नाही, तर चुकणार काय?

मिस्त्रींनी डाव्या हाताने उजवे मनगट धरले. अक्षरे उतरत, चढत, एकमेकांवर आपटत निघाली. बाईला वाटले, आपण लिहून द्यावे. पण तिने हात पाठीमागे धरून ठेवले. वर्गातसुद्धा तिला सर्वांत अवघड जाणारे काम हेच होते. बऱ्याच वेळाने ओळ पुरी झाली : ‘पट्टी न बघता माप घेतले.’

“हं,” त्यांनी पेन्सिल तिच्यापुढे धरली. “तुझं?”

“माझं काय?”

“बाई, बाई. वर्गात पोरांना असंच सोडतेस का?”

तिने पेन्सिल घेतली. थोडा विचार केला आणि खाली लिहिले : ‘घरातल्या माणसाला विचारले नाही.’

मिस्त्रींनी डोळे बारीक करून वाचले. “अक्षर बरं आहे,” म्हणाले. “आज पुरे. तूही दमलीस, मीही. उरलेली फळी उद्या सकाळी लावू.”

ऐंशीच्या पुढचा आठ मात्र त्यांनी स्वतः खोडला, बटणही त्यांनीच दाबले. दोनदा. पहिल्यांदा बोट भलत्याच बटणावर पडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगली फळी आवळली. आवळण्याआधी मिस्त्रींनी तुळई पाचशे मिलिमीटर चालवून टेपने मोजली, आणि टेपला नावे ठेवली. “याचे मिलिमीटर मला कोतेच वाटतात. चिकट माणसानं वाढल्यासारखे.” मग दोघे तीन तास बसून राहिले. मध्ये बाईला डुलकी लागली. जाग आली तेव्हा पाते किनाऱ्याशी पोचले होते. मिस्त्रींनी आवरण काढून ठेवले होते आणि खाली वाकून तुळई आणि ठोकळा यांच्यामधल्या फटीकडे बघत होते.

“जागा आहे,” ते म्हणाले. “आहे. आहे. अजून आहे.”

पाते समुद्राच्या शेवटच्या लाटेवरून गेले, उचलले गेले, आणि तुळई शांतपणे मागे आली. दिवा हिरवाच राहिला. बाईने टेबलफॅन उचलून जागच्या जागी नेऊन ठेवला.

परत आली तेव्हा मिस्त्री फळीवर वाकले होते. उजव्या हाताचे बोट त्यांनी झऱ्यावर ठेवले होते आणि ओढ्यातून खाली निघाले होते. हात थरथरत होता, पण खोबणीच्या दोन्ही कडा बोटाला बाहेर जाऊ देत नव्हत्या. वळणे घेत घेत ते समुद्रापर्यंत गेले.

“कड बोचते इथं,” ते म्हणाले. “पोरांच्या बोटांना कूस लागेल. पॉलिश पेपर आण.”

“मी घासते. तुम्ही बसा.”

“ते साठ ठोकळे तू एकटीनंच घासलेस ना?”

“हो. दोन रविवार.”

“वेडी आहेस. मला द्यायचे. घासायला थरथरणारा हात चांगला असतो, निम्मं काम तोच करतो.”

तिने पॉलिश पेपर आणून दिला. त्यांनी तो बोटाला गुंडाळला, स्टूल ओढून घेतले आणि किनारा घासायला लागले. खिळ्यावर पट्टी होती तिथेच होती. फक्त तिच्या भोकात दोरा ओवून एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती. त्यावर वेड्यावाकड्या अक्षरात लिहिले होते, ‘लोखंडासाठी’.